वाऱ्याच्या गाडीचं तिकीट

"हे काय आहे?" कंडक्टर रूपचंदनं विचारलं.

धुळ्याच्या बसस्टँडवर, भडगावच्या गाडीच्या शिडीपाशी उभं असलेलं ते प्रकरण सांगायला सोपं नव्हतं. स्कूटरची तीन चाकं, पाण्याच्या पाइपाचा सांगाडा आणि त्यात जमिनीपासून वीतभर उंचीवर एसटीची जुनी सीट. इंजिन नाही, पायडल नाही, ब्रेकसुद्धा नाही. शेजारी गाठोड्यात दहा हात रुंदीचा पतंग.

"गाडी आहे," पितांबर म्हणाला.

"चालते कशावर?"

"पतंगावर."

रूपचंदनं जवळ येऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास फक्त चहाचा होता.

पितांबर हा एसटीच्या वर्कशॉपातून नुकताच रिटायर झालेला मेकॅनिक. तेहतीस वर्षं त्यानं बसखाली उताणं पडून काढली. लोक गाडीत बसून गावोगाव गेले आणि हा बापडा खालून नट आवळत राहिला. ब्याण्णव साली रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकात त्यानं चित्र पाहिलं: समुद्रकिनारा, असल्याच तीनचाकीत बसलेला गोरा माणूस आणि पुढं आभाळात पतंग. झालं! मरायच्या आधी एकदा तरी असं वाऱ्यानं ओढत न्यावं, एवढंच मग त्याच्या डोक्यात राहिलं. शेजारच्या इसाक टेलरनं छत्र्यांच्या कापडाचा पतंग शिवून दिला. समुद्र कुठून आणायचा, हाही प्रश्न इसाकनंच सोडवला. "तुला वाळू पाहिजे ना यार? मे महिन्यात भडगावला गिरणेत दुसरं असतं काय?"

पण वाळूच्या आधी रूपचंद होता. त्यानं खिशातून घडी पडलेली यादी काढली. "खाट आहे, सायकल आहे, शिलाई मशीन आहे, बोकड आहे. हे नाही. यादीत नाही त्याचं तिकीट नाही, आणि तिकीट नाही ते टपावर नाही."

"साहेब, अपंगांची तीनचाकी असेल की यादीत?" सोबत आलेल्या इसाकनं विचारलं.

रूपचंदनं बोट ओलं करून पान उलटलं. "आहे. फुकट आहे. पण अपंग माणूस सोबत पाहिजे."

"हे काय, उभे आहेत ना!" इसाकनं पितांबरकडे बोट केलं.

"उभे?"

"मी धरलंय म्हणून उभे आहेत!" असं म्हणून इसाकनं पितांबरच्या कमरेला असा चिमटा काढला, की तो खरोखरच खाली बसला.

रूपचंद हा नियमाचा जितका कडक, तितकाच मनाचा मऊ. त्यानं दोन हमाल बोलावले, गाडी टपावर चढवली, पितांबरला उचलून पुढच्या सीटवर ठेवलं आणि तिथल्या पोराला उठवलं. कुणी बिस्किटं दिली, कुणी उशाला पिशवी दिली. शेजारी द्रौपदाबाई नावाची बाई होती. गिरणेच्या पात्रात तिची टरबुजांची वाडी होती आणि ती लेकीला भेटून घरी निघाली होती.

"कोनता पाय शे, भाऊ?" तिनं विचारलं.

"उजवा," पितांबर म्हणाला.

"डावा," त्याच क्षणी इसाक म्हणाला.

"म्हणजे दोन्ही," मग दोघंही म्हणाले. द्रौपदाबाईनं पितांबरच्या चपलांकडे पाहिलं.

पारोळ्याला पितांबरला लघवीला लागली. मिशावाल्या एका पैलवानानं त्याला उचलून नेलं आणि काम होईपर्यंत मागून घट्ट धरून ठेवलं. लाजेनं पितांबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं असं त्याला दहादा वाटलं. पण सांगितलं की गाडी टपावरून खाली आणि आपण परत ओसरीवर!

भडगावला वाटलं होतं, आता सुटलो. कसचं काय! परतीच्या फेरीला वेळ होता, म्हणून रूपचंद सोबत निघाला. पैलवान तिथलाच, तोही निघाला. द्रौपदाबाईची वाट तीच. सगळ्यांनी मिळून पितांबरला गाडीत घातलं आणि ढकलत, वाट काढत थेट नदीत नेलं.

वाळू तापली होती आणि वारा असा सुटला होता, की रूपचंदला टोपी धरून चालावं लागलं. आता दोऱ्या मांडायच्या. त्या कशा मांडायच्या हे फक्त पितांबरला ठाऊक, पण पांगळा माणूस वाळूत चालणार कसा? तो सीटवरूनच ओरडला, "लाल दोरी डाव्या हाताला रे!" इसाक त्याच्याकडे तोंड करून उभा होता. त्यानं स्वतःचा डावा हात पाहिला आणि दोरी त्या बाजूला आणून दिली.

पतंग फुगला, उचलला आणि गाडी चालली. अहो, खरंच चालली! चाकांखाली वाळू सरसरली, कानात वारा घोंगावला आणि पितांबर लहान पोरासारखा ओरडला, "इसाक, बघ रे!" तेहतीस वर्षांचं ग्रीस अंगावरून निघून गेल्यासारखं वाटलं त्याला.

पण पुढं टरबुजांची वाडी होती. त्यानं डावीकडे ओढलं, गाडी उजवीकडे वळली. तो घाबरून आणखी ओढायला लागला तशी गाडी थेट वेलांवर निघाली. बसून राहावं तर द्रौपदाबाईची अख्खी वाडी चिरडणार. पितांबरनं विचार केला नाही. उडी मारली, गाडीचा पाइप धरला, दोन्ही टाचा वाळूत रोवल्या आणि पहिल्या टरबुजाच्या हातभर अलीकडे गाडी थांबवली.

पाठीमागून सगळे धावत आले.

"हे तर उभे आहेत," रूपचंद म्हणाला.

"आणि मी ह्याला मुतायला धरून नेलं!" पैलवान गरजला.

पितांबरनं हात जोडले. "माझे पाय धडधाकट आहेत. खोटं बोललो. एकदाच या गाडीत बसायचं होतं हो, म्हणून."

"मी ते गाडीमाच वळखं व्हतं," द्रौपदाबाई म्हणाली. "चपलान्या टाचा घसायेल शेतस तुमन्या. पांगया मानूसन्या घसातस का?"

"मग बोलल्या का नाहीत मावशी?" रूपचंद चिडला.

"मानूस खोटा व्हता. गाडी ते खरी शे ना?"

ती वाडीतल्या आपल्या झोपडीकडे वळली. आत तिचा नवरा अभिमन होता. सात वर्षांपूर्वी विहिरीत पडल्यापासून कमरेखाली लुळा आणि तेव्हापासून खाटेवर. पैलवानानं त्याला उचलून गाडीत बसवलं. उचलायचा सराव होताच. आता पितांबरला चालता येत होतं, त्यामुळे दोऱ्या या खेपेला बरोबर मांडल्या गेल्या.

"ब्रेक कथा शे?" अभिमननं दोन्ही बाजूंना चाचपत विचारलं.

"नाही."

"बरं शे," तो म्हणाला.

विहिरीतून सात वर्षांपूर्वीपर्यंत पाणी ओढलेले हात ते. दोरी त्यांच्यात शोभली. गाडी नदीच्या वळणापर्यंत गेली, वळली, परत आली. द्रौपदाबाई रडत आणि "धीरे, धीरे!" ओरडत मागं धावत होती, आणि अभिमन मोठमोठ्यानं हसत होता.

"तू बस आता," इसाक कुजबुजला. "वारा पडेल. तुझं तर धड झालंच नाही."

पितांबरला बसायचं होतं, फार बसायचं होतं. एवढ्यात अभिमननं लांबूनच एक बोट वर केलं. आणखी एक फेरी.

"राहू दे," पितांबर म्हणाला. "गाडी इथंच राहू दे."

परतीच्या गाडीत रूपचंदनं दोघांना पूर्ण तिकीट फाडलं. इसाकला बसू दिलं. पितांबरला म्हणाला, "तुम्हाला पाय आहेत ना? मग राहा उभे." पितांबर दांडा धरून उभा राहिला. पारोळ्याला अर्धी गाडी रिकामी झाली, तेव्हा रूपचंदचा राग निवला होता.

"बसा आता," तो म्हणाला.

"नको साहेब," पितांबर म्हणाला. "आज उभंच राहावंसं वाटतंय."