आधी उत्तर

माझी शकूमावशी कुणाकडेही गेली की चपला काढता काढता विचारते, "उत्तर कुठे?" आमच्या शनिवार पेठेतल्या घरात उत्तर इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीकडेच आहे. तरी मी बोटाने दाखवतो. मग ती बसते. पाणी त्यानंतर. "आधी उत्तर, मग बाकीचं," असं तिचं म्हणणं.

मावशी शाळेत भूगोल शिकवायची. एकदा परीक्षेत तिने विचारलं, "नकाशात उत्तर कुठे असते?" एका मुलाने लिहिलं, "पुस्तकाच्या शेवटी." मावशीने त्याला अर्धा गुण दिला. म्हणाली, "चूक आहे, पण पोरगं शोधतंय."

निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, दिशा सुटल्या नाहीत. रिक्षावाल्याला ती 'डावीकडे' म्हणत नाही, 'पश्चिमेला घ्या' म्हणते. एकाने रिक्षा थांबवून सांगितलं, "मावशी, मंडई म्हणा. पश्चिम माझी मी बघतो." मंडईत ती ढिगाच्या पूर्वेकडची मेथी मागते. भाजीवाली वर न बघता म्हणते, "पूर्वेची संपली. समोरची घ्यायची तर घ्या." पोट दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, नेमकं कुठे दुखतंय. मावशी म्हणाली, "आग्नेयेला." डॉक्टरांनी बरोबर तिथेच दाबलं, हे त्यांचं कौतुक.

अशा बाईला मी क्रूझवर नेलं. खरं म्हणजे तिकिटं मी माझी आणि सुजाताची, म्हणजे माझ्या बायकोची काढली होती. मुंबईहून निघायचं, कोचीला दिवसभर थांबायचं, परत यायचं. पण सुजाता म्हणाली, "काका विसरायला लागल्यापासून मावशी गल्लीच्या टोकापलीकडे गेलेली नाही. तिला घेऊन जा. मी नारायण पेठेत काकांजवळ राहते."

काका म्हणजे मावशीचे यजमान. ते आधी चष्मा विसरले, मग मंडईतून घरी यायची वाट, मग एकेक माणूस. मी गेलो तर "या, या" म्हणतात, म्हणजे मी त्यांच्या लेखी गेलोच. मावशी तेवढी शाबूत होती.

"नको रे," ती मला म्हणाली. "इतके दिवस दिसले नाही, तर माझाही नंबर लागेल."

मीच आग्रह केला. म्हटलं, रोज फोन करू. समुद्रात फोन लागत नाही हे मला जहाज किनाऱ्यापासून लांब गेल्यावर कळलं. मला अपराधी वाटायला एरवीही फार कारण लागत नाही. हात दाखवून थांबवलेली रिक्षा रिकामी परत गेली तरी रुखरुख लागते. इथे तर बायकोला घरी ठेवलेलं, मावशीला ओढून आणलेलं आणि काकांच्या पुढ्यातून त्यांचं एकुलतं ओळखीचं माणूस उचललेलं.

मावशी मात्र वेगळ्याच विवंचनेत होती. उत्तरेकडे डोकं करून झोपायचं नाही, हा आपल्याकडचा नियम. जमिनीवर तो पाळणं सोपं. जहाज वळलं की मावशीची उशी वळायची. केबिनमधल्या फोनवरून तिने स्वागतकक्षाला विचारलं, "जहाज अभी किधर मुँह करके है?"

पलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, समुंदर की तरफ."

"हा पास होणार नाही," म्हणून मावशीने फोन ठेवला.

कोचीला जहाज धक्क्याला लागलं आणि स्थिर झालं. सगळे प्रवासी टोप्या घालून रांगेत उभे राहिले. मावशी म्हणाली, "आता कुठे दिशा ठरली. मी जरा पडते." इतक्या लांब येऊन ही शहर न बघताच झोपणार, या कल्पनेने मला घाम फुटला. पण तिने तेवढ्यात फोन पुढे केला. "रेंज आली का बघ आधी."

रेंज आली होती, पण सुजाता म्हणाली, काका आत्ताच झोपलेत, रात्रभर येरझारा घालत होते. उठले की लावते.

"कुणाला शोधत होते का?" मावशीने विचारलं.

"काही बोलले नाहीत गं."

मावशी चपला घालून खाली उतरली. फोन तिने हातातच ठेवला.

बसमध्ये गाइडने शहराची माहिती सांगितली: मिरीसाठी आलेले अरब, मग पोर्तुगीज, डच, इंग्रज. शेवटी म्हणाला, "कोई सवाल?"

मावशीने हात वर केला. "उत्तर कहाँ है?"

"मॅडम, पहले सवाल तो पूछिए."

सगळी बस हसली. मावशी पण हसली, पण तिने उत्तर घेतल्याशिवाय त्याला सोडलं नाही.

मग तिचं कुतूहल जागं झालं. मसाल्याच्या गोदामांच्या गल्लीत तिने सुंठ हुंगली, मिरी चावली आणि ठसका लागल्यावर म्हणाली, "एवढ्यासाठी आले होय लोक." पाण्यावर कललेली मासेमारीची चिनी जाळी वर-खाली होताना ती पोरासारखी बघत राहिली. "मुलांच्या नकाशात मी इथे नांगर काढून घेतला. 'नैसर्गिक बंदर' म्हणून घोकून घेतलं. वास येतो हे कुणी सांगितलंच नाही."

"कसला?"

"सगळ्याचा. मासळी, मिरी, ओलं लाकूड. परत शिकवायला हवं."

किनाऱ्यावरच्या कठड्याशी आम्ही पोचलो तेव्हा फोन वाजला. मावशीला नीट ऐकू येत नाही म्हणून मी स्पीकर लावला. सुजाता म्हणाली, "काकांना देते."

"अहो, मी बोलतेय," मावशी म्हणाली. "जेवलात का?"

"जेवलो. आपण कोण?"

मी मान खाली घातली. ज्याची भीती होती ते झालं होतं आणि ते मी केलं होतं. मावशीचा आवाज मात्र तसाच राहिला.

"मी... परगावी आलेय. समुद्राजवळ."

"एकट्याच आहात? वाट चुकलात का?"

मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं. "हो. चुकले."

"घाबरू नका," काका म्हणाले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. "समुद्राकडे तोंड करा. केलंत? आता उजवा हात उत्तरेला. त्या बाजूने पुण्याला या. नारायण पेठेत कुणालाही विचारा. आमची ही मास्तरीण आहे. ती तुम्हाला घरी नेऊन पोचवेल. ती कुणाला चुकू देत नाही."

"घरी आहे का ती?"

"शाळेत गेलीय. रात्री बघितलं मी, नव्हती आली. येईल आता."

"तिला काही निरोप सांगायचाय का?"

"नको. ती आली की मीच बोलेन. तुम्ही उभ्या का? बसा. ती येईपर्यंत बसा."

बसच्या दारातून गाइड हात करून बोलवत होता. मी त्याला थांबायची खूण केली.

"बरं," मावशी म्हणाली आणि फोन कानाशी धरून कठड्यावर बसली.