मॅडम आल्या की रेषा घसरते

मॅडम प्रयोगशाळेत शिरल्या आणि पडद्यावरची रेषा घसरली.

नेहमीचंच होतं. पीएच.डी. करणाऱ्या संशोधकाच्या यंत्रातली पट्टी केसाहून बारीक, एका ठरलेल्या ठेक्यात थरथरणारी. पडद्यावरची रेषा हा ठेका दाखवते; तो टिकला की रेषा सपाट. पण पट्टीवर विजेचा भार साचला, की खालचा पत्रा तिला ओढतो, ती ढिली पडते आणि ठेका मंदावतो. आज बाहेरचे परीक्षक यायचे होते. रेषा सपाट दिसली तर पदवी, नाहीतर आणखी एक वर्ष. 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'शिकतोय' म्हणताना आईचा आवाज आताशा पट्टीसारखाच ढिला पडत होता.

"मला घाबरते की काय रे ही?" मॅडमनी विचारलं.

संशोधक दिवा घ्यायला वळला. भार कुठून येतो ते त्याने केव्हाच ओळखलं होतं. मॅडमचा नायलॉनचा स्वेटर! पण आपल्या गाइडला हे सांगायचं कुणी?

रेषा: साचलेला भार उडवणारा गरम दिवा दाखवल्यावर पुन्हा सपाट.

"मॅडम, आत येताना त्या नळाला हात लावाल?"

"का? माझे हात घाण आहेत?"

"छे छे! लोखंडी आहे ना तो."

"मग?"

"गार लागतो... छान."

मॅडम बाहेर जाऊन, नळाला हात लावून पुन्हा आत आल्या. संशोधक अदबीने ताडकन उठला आणि यंत्रावर वाकला.

रेषा: घसरली.

कोरड्या हवेत भार टिकतो, म्हणून त्याने फरशी ओली केली. आधी मॅडम घसरल्या, टेबल धरून कशाबशा सावरल्या. तो धावत उठला.

रेषा: मॅडमच्या पाठोपाठ.

शेवटी त्याने खणातून मनगटी पट्टा काढला. त्याची तार जमिनीला जोडली की अंगातला भार निघून जातो. पट्टा एकच होता. तो त्याने मॅडमना बांधला.

"मला खुंटीला बांधतोस, गाढवा?"

"तात्पुरतं, मॅडम."

दिवा दाखवून तो खुर्चीत बसला. मॅडम शेजारीच उभ्या, आणि तरी रेषा सपाट!

"जमलं! बघा, बघा!" तो उठून वाकला.

रेषा: काय सांगायचं.

मॅडमनी डोळे बारीक केले. "बस. दिवा लाव... हं. आता ऊठ... बस." मग कपाळावर हात मारला, अर्थात मोकळा. "अरे, रेक्झिनच्या खुर्चीवर पॅन्ट घासत उठतोस, भार घेतोस आणि थेट पट्टीवर जाऊन वाकतोस. मी आले की उठतोस, म्हणून आळ माझ्यावर!"

"मग पट्टा मला द्या ना!"

बक्कल अडकलं होतं. तेवढ्यात बाहेर बूट वाजले.

"उठलास तर याद राख," मॅडम पुटपुटल्या.

परीक्षक आले: वयाने मोठे, मानाने मोठे, पोटानेही. मॅडमनी तार पाठीमागे लपवत स्वागत केलं. संशोधक खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिला. कान लाल झाले, पण तो हलला नाही.

परीक्षक बराच वेळ पडदा पाहत होते.

"वा! तसूभर हलत नाही. माझी सही झालीच समजा." मग त्यांची नजर खाली, खुर्चीवर आली. "पण मॅडम, वडीलधारं माणूस समोर उभं आहे, आणि हा पोरगा जागचा उठत नाही?"

"सर," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "तेच तर त्याचं संशोधन आहे."