नीराबाईंचा बोटीवरचा नवरा

"बाई, तुमचा नवरा कधी वारला हो?"

प्रश्न मनूचा नव्हता. तो जनीनं रचला होता, त्याला शेवटचा 'हो' रेहानानं जोडला होता, आणि 'विचारून दाखवलंस तर आमच्या वाट्याचे आवळे तुझे' अशी पैज दोघींनी मिळून लावली होती. मनूनं फक्त तोंड उघडायचं होतं. त्या कामात चौलच्या शाळेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या नीराबाईंनी रहाट थांबवला. येसाजी मास्तरांची ही धाकटी बहीण. मुंबईच्या एका इस्पितळात राहून नर्सची परीक्षा पास झालेली आणि अलीकडेच भावाकडे परतलेली. अंगावर पांढरी साडी, कपाळ मोकळं. एवढ्यावरून गावानं काय समजायचं ते समजून घेतलं होतं. विचारलं मात्र कुणीच नव्हतं.

"मला नवराच नाही गं," नीराबाई म्हणाल्या. "वारेल कुठला?"

सुपारीच्या झाडाआड दोघी फिसकन हसल्या. मनूचे आवळे पक्के झाले होते, पण आता तिलाच राहवेना.

"मग पांढरं कशाला नेसता?"

"नर्सला पांढरंच नेसावं लागतं. डाग पडला की लगेच दिसतो."

"आम्ही डाग दिसू नये म्हणून रंगीत नेसतो," मनू म्हणाली.

नीराबाई हसल्या आणि मनू काठावर बसली. कळशी भरेपर्यंत तिला सगळी हकिगत समजली. मुंबईत नोकरीची जागा एक निघे आणि अर्ज वर्गातल्या सगळ्या जणी करत. जिथं जावं तिथं विचारत, अनुभव काय? अनुभव नोकरीशिवाय येत नव्हता, आणि नोकरी अनुभवाशिवाय मिळत नव्हती. म्हणून त्या गावी आल्या. रेहानाचे चाचा करमअली शेठ रेवदंड्याला आपल्या आईच्या नावानं बाळंतिणींसाठी दवाखाना काढणार होते. त्यांना नर्स हवी होती. मात्र शेठच्या अटी दोन होत्या. बाई बिननवऱ्याची पाहिजे, कारण नवऱ्याची बाई ठेवली की नवरा एक दिवस येतो आणि तिला घेऊन जातो. आणि दुसरी, इथल्या मुलखातलं एक तरी बाळंतपण तिनं करून दाखवलं पाहिजे.

"पहिली अट जन्मापासून पाळतेय," नीराबाई म्हणाल्या. "दुसरीसाठी कुणी घरात घेत नाही."

"आणि नाहीच घेतलं तर?"

"तर शिमगा झाला की दादा मला पेणच्या बिजवराला देणार."

हा बिजवर मनूनं पाहिला होता. त्याला दमा होता, पहिलीची मुलं होती, आणि बायको व नर्स दोन्ही एकाच खर्चात हव्या होत्या. मनू काठावरून उठली ती या प्रकरणात आपण लक्ष घालायचं असं ठरवूनच.

संधी जनीच्याच घरात होती. जनीची ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाप हिरामण हा करमअली शेठच्या फतेमारीवरचा तांडेल. बोट त्याच्या हुकमात चाले, आणि घर चाले ते त्याच्या बायकोच्या, आवडाकाकूंच्या हुकमात. "ती पांढऱ्या लुगड्याची बाई माझ्या उंबऱ्यात नको," असं काकूंनी आधीच सांगून टाकलं होतं. सुईण ठरलेली होती. पण सुईण लेकीला भेटायला म्हणून थळला गेली, आणि जनीच्या ताईच्या बाळानं तिची वाट न पाहता त्याच शुक्रवारी यायचं ठरवलं.

जनी धापा टाकत शाळेत आली. "मने, ताईच्या पोटात दुखतंय! आय नुसती देवाला हाका मारतेय!"

मनू मास्तरांना न विचारताच उठली. वाटेत तिनं आपल्या परसातल्या दोरीवरचं आईचं हिरवं लुगडं ओढलं, फडताळातला कुंकवाचा करंडा घेतला आणि नीराबाईंच्या पुढ्यात दोन्ही टाकलं.

"हे कुणाचं?"

"आईचं. ती वाळत घातलेलं मोजत नाही. नेसा लवकर."

नीराबाई हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून, हातात औषधांची पेटी घेऊन पोचल्या तेव्हा आवडाकाकू दारातच उभ्या होत्या. बाळंतिणीच्या खोलीत पहिलं पाऊल पडायचं ते भरल्या कपाळाच्या बाईचं, हा त्या घरचा नेम. काकूंनी नीराबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही तर पांढऱ्या लुगड्याची."

"आज हिरवं आहे," मनू म्हणाली.

"काल पांढरं व्हतं."

"काकू, त्यांचा नवरा बोटीवर आहे." मनूच्या तोंडून वाक्य निघून गेलं आणि त्याच्या मागोमाग दुसरं आलं. "तो दर्यावर असेपर्यंत पांढरं नेसायचं. मुंबईत असं व्रत असतं. शुक्रवारी सुटतं."

नीराबाईंना ठसका लागला. मुंबईच्या व्रतांची आवडाकाकूंना काही माहिती नव्हती, आणि माहिती नाही असं कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"व्हय, ऐकलंय मी," त्या म्हणाल्या. "पण मग नाव घे. नाव घेतल्याबिगर आत न्हाय."

"काकू, आधी मला बघू तरी द्या—"

"नाव!"

आतून जनीच्या ताईनं अशी किंकाळी फोडली की माडावरचे कावळे उडाले. नीराबाईंनी डोळे मिटून उघडले. समोर ओटीवरच्या तसबिरीत तुकाराम महाराज विमानात बसून वैकुंठाला निघाले होते. नीराबाईंनी एका दमात म्हटलं,

"दर्याला आली भरती, वारा सुटला गार,
तुकारामरावांचं नाव घेते, काकू सोडा दार!"

काकूंनी दार सोडलं. पुढचा वेळ मनू आणि जनी ओटीवर बसून एकमेकींची नखं खात होत्या. आतून फक्त नीराबाईंचा आवाज येत होता. पाणी उकळा, फडकं आणा, ते नको, धुतलेलं आणा. हात धुवा. काकू, तुम्हीसुद्धा. आवडाकाकूंना कुणी हुकूम सोडल्याचं जनीनं जन्मात प्रथमच ऐकलं, आणि काकू मुकाट्यानं मोरीकडे जाताना पाहून तर तिला रडूच आलं. उन्हं कलली तेव्हा मुलगी झाली. गप्प राहण्याचा तिचा विचार दिसला, पण नीराबाईंनी तिला उलटी धरून पाठीवर थापटलं तशी ती अशी रडली की रस्त्यावरचा बैलगाडीवाला थांबून चौकशी करून गेला.

काकूंनी नीराबाईंची खणानारळानं ओटी भरली. "तुजा तुकाराम सुखरूप येऊ दे बाय," त्या म्हणाल्या. नीराबाईंनी खाली मान घातली. ती लाज आहे असं सर्वांना वाटलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण आनंदाची बातमी चौलात घरात राहत नाही. संध्याकाळपर्यंत विहिरीवर समजलं की तांडेलाकडे नात झाली, मुंबईच्या बाईनं सोडवलं, आणि तिचा तुकाराम नावाचा नवरा बोटीवर असतो. रात्रीपर्यंत बातमी रेवदंड्याच्या बंदरात पोचली. सकाळी रेहाना घाबरीघुबरी होऊन मनूकडे आली.

"मनू, घात झाला! चाचाजान संतापलेत. म्हणतात, बाईनं मला बिनलग्नाची म्हणून सांगितलं नि आता नवरा निघाला. दुसरी बाई बघतो म्हणाले. टांगा जोडून निघालेत काकूंकडे, तांडेलाला नात झाल्याची मुबारकी द्यायला नि बाईला जाब विचारायला!"

"बाई कुठंयत?"

"तिथंच. बाळाला न्हाऊ घालायला गेल्यात."

मनू धावली. ती अंगणात शिरली तेव्हा शेठ टांग्यातून उतरत होते, आणि त्यांच्याही आधी, कालच बंदरात बोट लावून आलेला हिरामण तांडेल एका काटकुळ्या खलाशाला बखोटीला धरून आत ओढत होता. मागे बायकांची ही झुंबड. हिरामणनं खलाशाला ओटीवर लोटला. शेठ आत आले, मनू त्यांच्या शेरवानीआडून घुसली, आणि घरची गोष्ट घरात राहावी म्हणून आवडाकाकूंनी बाकी गावाच्या तोंडावर दार लावलं.

"लबाडा!" हिरामण गरजला. "माझ्या बोटीवर मीठभाकर खातोस नि मलाच सांगतोस, तांडेल, माझं लगीन न्हाय? ही बघ तुझी बायको!"

बाळाला पुसत असलेल्या नीराबाई जागच्या जागी थिजल्या. खलाशानं त्यांच्याकडे पाहिलं, मग तांडेलाकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"तांडेल, आयशप्पत, या बाईला मी आज पैल्यांदा बघतोय."

"तुझं नाव काय?" काकूंनी विचारलं.

"तुकाराम."

"बोटीवर असतोस?"

"व्हय."

"मग आनि काय पायजे!" काकू कडाडल्या. "ती बिचारी तुझ्यापायी पांढरं नेसून व्रत करते, नि तू तिला वळखत न्हाय? दर्याचं पानी चढलंय काय डोळ्यांत?"

तुकाराम घामाघूम झाला. एवढी माणसं एवढ्या खात्रीनं सांगतायत म्हटल्यावर त्याचा स्वतःवरचाच विश्वास डळमळू लागला. "पन काकू," तो केविलवाण्या आवाजात म्हणाला, "माझं लगीन झालं असंल, तर मला कुनी सांगायला नको व्हतं?"

शेठनी हातातली काठी जमिनीवर टेकली. "बाई, तुम्हीच बोला. हा तुमचा खाविंद हाय की न्हाय?"

नीराबाईंची दोन्हीकडून पंचाईत होती. 'हो' म्हणावं तर नोकरी जाणार, 'नाही' म्हणावं तर काकूंच्या हातातलं लाटणं खाली राहणार नाही. पेणच्या बिजवराचा दमा त्यांना इथपर्यंत ऐकू आला असावा. मनूला तर तो ऐकूच आला.

"शेठ, खोटं मी बोलले!" मनू पुढे झाली. "बाईंचं लग्नच झालेलं नाही. व्रत माझं, नवरा पण माझा."

"तुझा?" तुकाराम उडालाच.

"म्हणजे मी रचलेला! आणि नाव त्या तसबिरीतलं."

सगळ्यांनी वळून तसबिरीकडे पाहिलं. विमान अजून निघालेलंच होतं. नीराबाईंच्या हातात बाळाला उचकी लागली.

सगळ्यांत आधी शेठच्या दाढीत हसू फुटलं. "म्हणजे नवरा न्हाय? पक्कं?"

"नाही," नीराबाई म्हणाल्या.

"नि हे पोर तुम्हीच सोडवलं? माशाल्ला, आवाज टांग्यातून ऐकला मी. मग भांडण कसलं? सोमवारपासून या कामावर."

"थांबा शेठ!" आवडाकाकू मध्ये आल्या. त्यांचा चेहरा पाहून हिरामणसुद्धा एक पाऊल मागे सरला. "तुमचं झालं. माझं काय? माझ्या लेकीच्या खोलीत पैलं पाऊल बिनलग्नाच्या पोरीचं पडलं, असं मी गावाला सांगू? माझ्या नातीला जन्मभर बोल लागंल. मी वटी भरलीय. हिनं नाव घेतलंय. ते परत घेता येत न्हाय. चौलात ही लग्नाचीच!"

"अगं, पन लगीन न्हाय ना तिचं," हिरामण म्हणाला.

"तुमी गप बसा. बोट सांभाळा तुमची." काकू शेठकडे वळल्या. "रेवदंड्यात ती बिनलग्नाची असू दे, माझी ना न्हाय. पन मधली खाजण वलांडली की तिचा नवरा बोटीवर!"

शेठनी दाढी कुरवाळत बराच विचार केला. "बोटीवर म्हणजे, येणार न्हाय?"

"कधीच न्हाय."

"तिला घेऊन जाणार न्हाय?"

"न्हाईच मुळी."

"असा नवरा असला तर मला मंजूर हाय," शेठ म्हणाले. "असे नवरे मिळत असते तर मी ती अट घातलीच नसती."

"नि माझं काय?" तुकारामानं कोपऱ्यातून विचारलं.

"तू गप बोटीवर जायचं," काकू म्हणाल्या. "नि दारात कुनी इचारलं तर बायकोची आठवन येते म्हनायचं."

तुकारामानं डोकं खाजवलं. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळला. "मग माझ्या आयला पन सांगू का, झालंय म्हनून? ती लय मागं लागलीय."

दार उघडलं. बाहेरच्या बायकांना आवडाकाकूंनी एकाच वाक्यात सांगितलं, की नवराबायकोत जरा अबोला होता, तो मिटला. पुढच्या आठवड्यात दोन खलाशांच्या बायका नीराबाईंकडे येऊन मुंबईच्या त्या व्रताला उपास असतो का, ते विचारून गेल्या. नीराबाई सोमवारी ऐटीत पांढरी साडी नेसून रेवदंड्याला कामावर हजर झाल्या, आणि येसाजी मास्तरांनी पेणला निरोप धाडला की मुलगी नोकरीला लागली, सबब दुसरं स्थळ बघावं.

त्या शनिवारी मनू घरी आली तेव्हा तिचे वडील कोंडाजी झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते आणि आई परसातल्या दोरीकडे पाहत होती.

"माझं हिरवं लुगडं कुठं गेलं गं?"

"ओटी भरून घ्यायला गेलं होतं," मनू म्हणाली. "येईल धुऊन."

"बस इथं," कोंडाजी म्हणाले. "लग्नाच्या वयाच्या त्या नव्या कायद्यापायी तुझी चौदा वर्षं भरेस्तोवर थांबलो. आता थळचा मुलगा सांगून आलाय. घरची वाडी आहे, नारळ—"

"बाबा, मी सातवी पास होणार," मनू उभ्याउभ्याच म्हणाली. तिचा आवाज पहिल्या शब्दाला जरा कापला, पुढे कापला नाही. "मग रेवदंड्याला नीराबाईंच्या हाताखाली राहणार. आणि वय बसलं की त्या शिकल्या तिथंच नर्सचं शिकायला मुंबईला जाणार. ठरलंय माझं."

कोंडाजींच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला. आई दोरी सोडून दारात आली.

"आणि लग्न?" ती म्हणाली. "गावानं विचारलं तर काय सांगायचं आम्ही?"

"सांगा," मनू म्हणाली, "नवरा बोटीवर आहे."