बापूसाहेबांची पॅकार्ड विकली त्याची गोष्ट

“उद्या सूर्य डोक्यावर यायच्या आत बापूसाहेबांची गाडी गावाबाहेर, अन् तुमची बहीण माझ्या घरात! नाही तं नावाचा उकंडराव नाही!”

साखरखेर्ड्याच्या उकंडरावांनी मिशीवरून हात फिरवत शेंदुर्जन गावच्या मेहुण्याला हा निरोप धाडला. मंडळी, माणसाने पैज खुशाल मारावी, पण तीत मेलेल्या बापाला ओढू नये!

बापूसाहेब म्हणजे उकंडरावांचे वडील. कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली त्यांनी मुंबईहून ही अमेरिकेची पॅकार्ड मोटार आणली. आठ नळ्यांचं इंजिन, मखमली गादी, हाकणारा पुढे, मालक मागे आणि दोघांच्या मध्ये काच. गाडी कसली, चाकांवरचा दिवाणखानाच! बापूसाहेब दुपारची झोपही तिच्यातच काढायचे. एका दुपारी झोपले, ते उठलेच नाहीत.

त्याला सहा वर्षं झाली. गाडी तेव्हापासून गोठ्याशेजारी उभी. समोरची काच फुटलेली, इंजिनात उंदरांचा संसार, टपावर कोंबड्यांची शाळा. पण मागच्या गादीवर एकही कोंबडी कधी बसली नाही. तिथे बापूसाहेबांच्या आकाराचा खळगा तसाच होता. मांजर दाराशी येई, आत टक लावून पाही आणि शेपूट फुलवून पळत सुटे.

आणि भर दुपारी बारा वाजता, निंबाचं पानही हलत नसताना, गाडीतून खाकरल्याचा आवाज येई. एकदाच. सून समोर आहे असं दिसलं की सासरे खाकरतात ना, अगदी तसा!

वैशाखात उकंडरावांच्या बायकोने, सोजराबाईंनी, गाठोडं बांधलं. “मामंजी गाडीत हायेत! गोवऱ्या आणाले गेलं का पदर घ्या, पाणी आणाले गेलं का पदर घ्या! एक तं ते गाडी राहीन, नाही तं मी!”

त्या माहेरी गेल्या आणि उकंडराव बारा दिवस स्वतः भाकरी थापत राहिले. भाकरी अशी, की बैलाने हुंगून तोंड फिरवावं!

एवढ्यात चिखलीचे इंद्रभान ठेकेदार आले. त्यांना गाडी दुरुस्त करून पोराची वरात काढायची होती.

“चालते का?” त्यांनी विचारलं.

“चालते? पळते! फक्त पुढं बैल लागतेत.”

ठेकेदारांनी दार उघडून हात आत घातला आणि झटकन बाहेर काढला. “बाहेर आगीवानी ऊन, अन् आत इतकं गार काऊन लागून राह्यलं?”

“अमेरिकेची हाये ना! थंड मुलूख!”

सौदा झाला आणि मेहुण्याला तो पैजेचा निरोप गेला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता उकंडरावांची बैलजोडी गाडीला जुंपली. गडी तुळशीराम पुढे चाकाशी बसला, कासरे फुटक्या काचेतून आत घेतले. ठेकेदार मागे टेकले, ते नेमके त्या खळग्यात. गाडी आवाज न करता निघाली. वळणावर मागच्या काचेत उकंडरावांना दोन डोकी दिसली. त्यांनी डोळे चोळले. एकच होतं!

दुपारी मेहुण्याच्या बैलांच्या दमणीतून सोजराबाई उतरल्या.

“गेली?”

“गेली!”

“खरंच?”

“तुझी आन! आता पदर खाली घे, अन् एक भाकर टाक माय!”

सोजराबाई कधी नव्हे त्या हसल्या. बरोबर त्याच वेळी सगळं चिडीचूप झालं. कोंबड्यासुद्धा गप्प! निवडुंगाच्या उंच कुंपणावरून एक काळा टप सरकत येताना दिसला. ना इंजिनाचा आवाज, ना घुंगरांचा. टप सरकत सरकत फाटकाशी आला. आणि आतून कोणी तरी खाकरलं!

सोजराबाईंचा पदर आपोआप डोक्यावर गेला.

फाटकातून आधी बैलांची शिंगं आली, मग गाडी. दार उघडून इंद्रभान ठेकेदार बाहेर कोसळले. अंगभर धूळ, चेहरा पिठासारखा पांढरा.

“ठेकेदार, परत काऊन आले?”

“मी नाही आलो! मले आणलं! झोप लागली होती. जागा झालो तं पुढं कोनी नाही, अन् चाक आपोआप फिरून राह्यलं! अन् आवाज आला, ‘चाल, घरी चाल!’”

उकंडरावांनी धीर करून पुढे डोकावलं. तुळशीराम पुढच्या बाकावर आडवा पसरून घोरत होता. मध्येच झोपेत बरळला, “चाल राजा, घरी चाल!”

उकंडरावांच्या डोक्यात उजेड पडला! तुळशीराम चिखलीच्या बाजाराला जाताना जागा असे आणि येताना बैलगाडीत झोपे. पंधरा वर्षांचा शिरस्ता! तो घोरू लागला म्हणजे बाजार संपला, एवढं बैलांना पक्कं ठाऊक. आज तो जातानाच घोरला आणि बैल गुमान माघारी फिरले.

“बैलं हो, ठेकेदार! बैलं!” उकंडराव पोट धरून हसू लागले.

ठेकेदार हसले नाहीत. “बैलायनं आणलं, कबूल. पण वाटंनं मले उपरण्यानं वारा कोन घालत होतं?”

तुळशीराम डोळे चोळत उठला. “मी तं पुढं होतो जी. मधात काच हाये.”

ठेकेदार मेहुण्याच्या दमणीत चढले आणि मागे न बघता गेले. सौदा मोडला, आणि आता सोजराबाई माहेरी परतणार हे उकंडरावांनी ओळखलं.

पण सोजराबाई गाडीपुढे वाकल्या. “जितेपनी कोनाले पाण्याचा पेला देला नाही मामंजीनं, अन् आता पाहुण्याले वारा घालतेत! किती सुधारले!” मग नवऱ्याकडे वळल्या. “अन् तुमी? बापाले इकाले निघाले! जो बापाले इकते, तो उद्या मले काय ठेवते? मी आता हलत नाही इथून. मामंजीवर नजर ठेवाले कोनी तं पायजे!”

तेव्हापासून रोज दुपारी तूपपोळीचं पहिलं ताट गाडीत जातं. सोजराबाई ते गादीवर ठेवतात, दार लावतात आणि पाठ फिरवतात. उकंडरावांना ओसरीवर कोरडी भाकरी मिळते. “मामंजीच्या ताटात उरलं, तं तूपपोळी तुमाले,” असा बाईंचा कायदा!

उकंडराव रोज आशेने गाडीचं दार उघडतात. ताट चाटून पुसून लख्ख असतं.