लाखबंद आंबील

"पुनारामले फसवनारा अजून पैदा व्हायचा हाये!"

हे वाक्य पुनाराम रोज सकाळी चूळ भरून झाली की म्हणायचा. खरं सांगायचं तर त्याला फसवायची कुणाला फुरसतच नव्हती. पण पठ्ठ्याचा संशय मात्र दांडगा! देवळात जाताना वहाणा काखेत. बाजारात बैलबंडी उभी केली की तिचं जू खांद्यावर घेऊन हा वांगी घ्यायला निघायचा. पंगतीत बसला की आधी शेजारच्याला दोन घास खाऊ द्यायचा, तो धडधाकट दिसला की मगच स्वतः भात कालवायचा. साळा रामलाल, भाऊबंद बकाराम, पोस्टमन, सगळ्यांवर याची नजर. त्यातून सुटली होती फक्त बायको जमुनाबाई. ती बिचारी साधी, तिला यातलं काय कळतं, असं त्याचं ठाम मत होतं.

त्यात पुनाराम जातीचा कोहळी. बापजाद्यांनी तलाव बांधलेले. लहानपणापासून त्याला एकच शिकवण, पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, गळती दिसली की तिथल्या तिथे बुजव. पठ्ठ्यानं ती शिकवण अशी काही अंगी बाणवली होती, की घरात उंदराचं बीळ, पत्र्याचं भोक, दाराची फट, काही म्हणता काही उघडं राहू द्यायचा नाही. उन्हाळ्यात घरातली माणसं घामानं भिजून जायची, पण फट बंद म्हणजे बंद!

तर या पुनारामच्या कुंदाला स्थळ आलं होतं. नवेगाव बांधचे यादोराव पाटील, त्यांचा मुलगा ईश्वरदास. मुलगा शाळेत मास्तर! कुंदानं त्याला मंडईच्या जत्रेत लांबून पाहिला होता आणि घरी येऊन आईला स्पष्ट सांगितलं होतं, "माय, हे जमलं तं बरं. नाही जमलं तं मले दुसरा कोनी दाखवू नोका."

अडचण एकच होती. दिवस दारूबंदीचे, आणि यादोराव गावातल्या दारूबंदीचे पुढारी. त्यांच्या मोठ्या बहिणीचा संसार नवऱ्याच्या मोहाच्या दारूत बुडालेला. ती विधवा होऊन भावाच्या घरी आलेली. तेव्हापासून त्या घरचा नियम असा, की ज्या घरात दारूचा थेंब सापडेल, त्या घरची सून आणायची नाही. घरात शब्द चालायचा तो या बहिणीचा.

यादोराव बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "तुमच्या घरची आंबील लय नामी हाये म्हनतेत. घेऊन या. तलावाच्या पाळीवर बसून शिदोरी खाऊ. पोरगा पोरीले पाहून घेईन."

झालं! पुनाराम तिथून घरी आला तोच मुळी घाबरून.

जमुनाबाई तांदळाच्या कण्यांची आंबील करायची. कण्या मडक्यात आंबवायच्या, शिजवायच्या, निवल्यावर ताक घालायचं, वर जिरं-मीठ. उन्हातून आलेल्या माणसानं एक वाटी घेतली तर जीव थंड व्हायचा. तिनं नेहमीसारखा वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा धुऊन ठेवला आणि तोंडाला लावायला पळसाचं पान आणलं.

"तुंबा नोको," पुनाराम म्हणाला.

"काऊन?"

"मागच्या साली मंडईले गेलो तवा तुंबा भरून नेला होता. तिथं पोचेपर्यंत अर्धा! तो रामलाल प्याला."

"माह्या भावाले नाव ठेवू नोका!"

"मंग कोन प्याला? भूत? ते जाऊ दे. बकारामची पोरगी बी त्याच घरी सांगून राहिले होते. त्याचा जळफळाट चालू हाये. मोटारीत कोनी मानूस पाठवला अना आपल्या आंबिलीत मोहाची दारू वतली तं? पोरीचं लग्न मोडलं नाही का?"

जमुनाबाईनं कपाळाला हात लावला. पुनारामनं मात्र सगळा बंदोबस्त आखून ठेवला होता. गोंदियाला जाऊन त्यानं भंगारवाल्याकडून जाड काचेच्या दोन बाटल्या आणल्या. कसल्या होत्या ते त्यानं विचारलं नाही, भंगारवाल्यानंही सांगितलं नाही. त्यावरचे कागद तेवढे खरवडून काढले. आंबील ओतली. पाहुण्यांना गोड लागावी म्हणून वरून गुळाचे खडे टाकले. बूच ठोकलं. बुचावरून तार आवळली. आणि तारेवर लाख वितळवून ओतली, त्यावर आपल्या अंगठ्याचा ठसा! लाख गरम होती. पुनाराम अंगणभर नाचला, पण ठसा सोडला नाही.

"अवो, आंबिलीले जरा हवा लागते. वरून गूळ टाकला, असं ऊन, फुटन ना ते!"

"फुटते कायले? कोहळ्याच्या हातचा बांध हाये!"

जमुनाबाईनं शिदोरीची टोपली बांधली आणि वर लुगड्याचं फडकं टाकलं.

सकाळी मोटारीच्या थांब्यावर एक म्हातारी उभी होती. पांढरं लुगडं, नाक तरतरीत. पुनारामच्या पिशवीकडे बघून तिनं विचारलं, "बाटलीत का हाये, बावा?"

पुनारामच्या डोक्यात वीज चमकली. बकारामचा माणूस! म्हणजे बाई!

"राकेल," तो म्हणाला आणि पिशवी दुसऱ्या काखेत घेतली.

मोटार आली. जमुनाबाई आणि कुंदा पुढे बसल्या, ती म्हातारी नेमकी जमुनाबाईच्या शेजारी. पुनाराम मागच्या बाकावर, पिशवी मांडीवर. कंडक्टर आला.

"ओ काका, राकेल मोटर में नहीं चलेगा!"

"राकेल नाही. बैलाची दवा हाये."

म्हातारीनं मागे वळून पाहिलं. पुनाराम खिडकीबाहेर पाहू लागला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच झाड बघतोय!

रस्ता असा, की मोटार कमी चालायची आणि उड्या जास्त मारायची. पिशवीतून 'सुस्स' असा आवाज आला. पुनारामनं शेजारच्या माणसाकडे संशयानं पाहिलं. तो झोपला होता. झोपेचं सोंग घेतलंय, पुनारामनं ओळखलं! त्यानं पिशवी छातीशी घट्ट धरली. अंगाची ऊब, वरून ऊन, आत गूळ.

फट्!!

बूच तारेसकट उडालं, छताला लागलं आणि ड्रायव्हरच्या टोपीवर पडलं. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. "टायर गया!"

सगळे खाली उतरले. ड्रायव्हर चाकाला लाथा मारून पाहतोय, कंडक्टर मोटारीखाली शिरलाय, जो तो आपापलं मत देतोय. पुनारामचं धोतर चिंब, दाढीला कण्या, आणि तो उरलेली बाटली काखेत दाबून प्रत्येकाचं तोंड न्याहाळतोय, की दगड मारला कुणी? बायका आपल्या जाऊन मोहाच्या झाडाखाली सावलीत बसल्या. पुनारामला त्यांच्याकडे बघायला वेळ कुठला!

कंडक्टर मोटारीखालून बाहेर आला आणि त्याचं नाक थेट पुनारामच्या धोतराशी थांबलं.

"काका, ये क्या है? दारू?"

"गोमूत्र!" पुनाराम ओरडला. मोठ्यानं ओरडला. मोहाच्या झाडापर्यंत ऐकू गेलं.

कंडक्टरनं पुन्हा वास घेतला. "गाय ने क्या खाया था, काका?"

मोटारीतली माणसं हसून हसून रस्त्यावर बसली. पुनारामनं त्यांतल्या दोघांचे चेहरे नीट लक्षात ठेवले.

नवेगावला उतरल्यावर तलावाच्या पाळीवर यादोराव आणि ईश्वरदास वाट पाहत उभे होते. पुनारामनं टोपी सरळ केली, छाती काढली. तेवढ्यात ती म्हातारी त्याला ओलांडून पुढे गेली, आणि ईश्वरदासनं वाकून तिच्या पायाला हात लावला.

"आली का, बाई?" यादोराव म्हणाले. "ही माही मोठी बहीन, पुष्पाबाई. तुमच्याच बाजूले, देवरीले गेली होती नातलगाकडे."

पुनारामच्या पायाखालची पाळच सरकली! राकेल, बैलाची दवा, गोमूत्र, तिन्ही थापा या बाईनं स्वतःच्या कानांनी ऐकलेल्या! आणि अंगाला येणारा तो आंबूस वास! त्याला कुंदाचं तोंड दिसलं. पोरगी मान खाली घालून उभी होती, कानापर्यंत लाल झाली होती. आता हे लग्न मोडलं तर ते बकारामनं नाही, आपणच मोडलं असं होणार.

"जरा पाय धुऊन येतो," असं म्हणून तो पाळीच्या पलीकडे उतरला, इकडे तिकडे पाहिलं, आणि दुसरी बाटली धाडकन तलावात फेकली. बुडाली! पुनारामनं सुटकेचा श्वास सोडला. पुरावा संपला. तोंडावर पाणी मारून तो वर आला आणि सतरंजीवर अगदी साळसूदपणे बसला.

"मंग, आंबील आनली का?" यादोरावांनी विचारलं.

"आंबील? ते... यावेळी जमलं नाही, पाटील. कण्याच नव्हत्या घरी."

जमुनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. पुष्पाबाईनंही पाहिलं. आणि त्याच वेळी पाळीखालून एक ढिवर ओरडत वर आला, हातात जाळं, जाळ्यात तीन मासे आणि बाटली!

"पाटील! मोठा मासा लागला समजून वढलं, तं हे निंगालं! आता याच पाव्हण्यानं फेकली पाण्यात, म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं!"

लाखेवर अंगठ्याचा ठसा लखलखत होता. यादोरावांनी ठसा पाहिला. मग पुनारामचा भाजलेला अंगठा पाहिला.

"पाव्हणे," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "दारूची बाटली, ते बी माह्या तलावात?"

"दारू नाही, पाटील! आंबील हाये! पोरीची शपथ!"

"आत्ता तं म्हनले कण्याच नव्हत्या घरी."

"ते खोटं बोललो!"

"अना बाई सांगून राहिली, मोटारीपाशी गोमूत्र म्हनले."

"ते बी खोटं बोललो!"

"खोला," यादोराव म्हणाले.

पुनारामनं लाख फोडली, तार उलगडली, बुचाला हात लावला मात्र... बाटलीनं जणू त्याचीच वाट पाहिली होती! बूच यादोरावांच्या कानावरून गेलं, आणि मागोमाग फेसाचं कारंजं! पाटलांचा फेटा, मिशा, पांढरा सदरा, सगळं आंबिलीत न्हाऊन निघालं. ढिवरानं मासे सोडून पळ काढला. ईश्वरदास मास्तर असूनही हसला.

पाटलांनी मिशीवरचा थेंब जिभेनं चाटला. डोळे बारीक केले. पुन्हा चाटला.

"आंबीलच हाये," ते म्हणाले. "अंमळ जास्त चढली, पन आंबीलच हाये. असं कोंबून काऊन ठेवली हो?"

"गळती नोको म्हनून..."

"अवो, तुमचे बापजादे तलाव बांधत होते ना? पाळ बांधली तं सांडवा ठेवा लागते! पानी जास्त झालं तं जाईन कुठून? सांडव्याबिगर तलाव बांधनारा कोहळी म्या आज पयल्यांदा पाह्यला!"

पुनारामनं मान खाली घातली. सगळं संपलं होतं. बाप म्हणून आपण काय केलं, तर पोरीचा सोन्यासारखा संसार बाटलीत भरून उडवून दिला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "पाटील, माही पोरगी लय चांगली हाये," तो म्हणाला, "मीच मूर्ख हाओ."

"ते आमाले मालूम हाये," पुष्पाबाई म्हणाली. "दोन्ही."

मग तिनं यादोरावांकडे वळून सांगितलं, "अरे, म्या कवाचीच हो म्हनून बसली. मोटार थांबली तवा मोहाच्या झाडाखाली बसून म्या दोन वाट्या आंबील प्याली या जमुनाबाईच्या हातची. काय सवाद! पोरीनंच वाढली. हे बावा चाकाखाली चोर धुंडून राहिले होते, तवाच आमी लग्न ठरवलं."

पुनारामनं झटकन मान वर केली. "कोनती आंबील?"

जमुनाबाईनं टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. भाकरींच्या खाली तुंबा होता, तोंडाला पळसाचं पान, सैलसं. एवढ्या धक्क्यांतून एक थेंब सांडला नव्हता.

सगळ्यांच्या वाट्या भरल्या. पाटलांनी दोन वेळा मागून घेतली. मुलगी पसंत, मुलगा पसंत, पोरीच्या कपाळाला कुंकू लागलं. निघताना यादोरावांनी एकच अट घातली, की लग्नात व्याही कोणत्याही भांड्याला झाकण लावणार नाहीत.

परतीच्या मोटारीत कुंदा खिडकीशी बसून स्वतःशीच हसत होती. मग पुनारामनं टोपलीतून तुंबा काढला, पान बाजूला केलं आणि आत डोकावला.

"जमुना."

"हो?"

"पाटलाले वाढून तुंबा अर्धा उरला होता. म्या पाह्यला. मोटारीत बसताना अर्धा होता. आता रिकामा हाये."

जमुनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. ओठावर एक कणी तेवढी राहून गेली होती.

"ऊन लय होतं ना," ती म्हणाली. "मागच्या साली मंडईले बी असंच ऊन होतं."

पुनारामनं तुंबा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चूळ भरली, नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं, चुलीपाशी बसलेल्या जमुनाबाईकडे एकदा पाहिलं, आणि गुपचूप साळ्याच्या घरी माफी मागायला निघाला. वहाणा मात्र रामलालच्या दाराशी काढल्या नाहीत, काखेतच ठेवल्या!