इक्वेरेला मिळालेली वेळ

भाषा आणि बोली हा भेद परमेश्वराने केला नाही. तो बिचारा सगळीच भजनं ऐकून घेतो. म्हणून हे काम समितीला करावं लागतं.

अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या एका सभागृहाचा २००५ सालचा नियम उदात्त होता: रविवारी प्रार्थनेसाठी एका भाषेला एक वेळ. (बोलींनी आपापल्या भाषेच्या कडेवर बसून यावं.) नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्टकडचे वर्लूबाबा आपल्या इक्वेरेसाठी तासभर मागत होते. त्यांना आईच्या भाषेत गाऊन प्रवचन करायचं होतं, आणि ते समजणारी म्हातारी माणसं दरवर्षी कमी होत होती. तिकडच्याच मोठ्या इग्बो भाषेची मंडळी म्हणाली, "ती आमचीच बोली. आमच्यात बसा की." यावर विद्वानांचंही एकमत नाही. तेव्हा निवाडा तटस्थ माणसाकडे गेला. तटस्थ म्हणजे ज्याला दोन्हींतलं काहीच कळत नाही असा. हेमचंद्र, मूळ एरंडवणे, हल्ली सॉफ्टवेअर.

हेमचंद्रांनी वर्लूबाबांना घरी चहाला बोलावलं आणि एकच, पण भक्कम कसोटी लावली: भाषा तीच, जिचं साहित्य संमेलन भरतं आणि अध्यक्षपदावरून भांडण होतं.

"तुमचं भरतं का?"

"नाही. पण इग्बो मला कळते ती शिकलो म्हणून."

"शिकलात ना? मग झालं तर. जवळची असल्याशिवाय शिकता येते होय?" (हेमचंद्र दोन वर्षं डच शिकत होते. ती दूरची निघाली.)

स्वयंपाकघरातून लीलावती, म्हणजे त्यांची मालवणकडची बायको, म्हणाली, "अहो, त्यांची भाषा आहे. त्यांनाच विचारा ना."

"तुझी मालवणी बघ. मराठीच की नाही?"

"मग माझी आई काय म्हणाली, ते दर वेळी मला का विचारता?"

हा मुद्दा घरगुती असल्याने विचारात घेतला गेला नाही.

निवाडा झाला: इक्वेरे ही बोली आहे, परंतु गोड आहे. सबब तिला इग्बो प्रार्थनेनंतरची, खुर्च्या आवरतानाची वेळ द्यावी.

हेमचंद्र मोठ्या मनाने ऐकायला गेले. खुर्च्यांच्या खडखडाटात वर्लूबाबांनी एक ओळ ओढली आणि सुरावर थांबले. कोट घालून निघालेली एक म्हातारी परत बसली आणि कीर्तनात ध्रुपद झेलावं तशी तिने ती ओळ उचलली. हेमचंद्रांचे डोळे भरून आले. तेवढ्यात दोन स्वयंसेवक अदबीने म्हातारीपाशी आले. तिच्या बुडाखालची खुर्ची तेवढी उरली होती.

हेमचंद्रांना हसणं सोपं आहे. तुम्ही तसे नाही. तुम्ही कुणालाच उठवलं नाहीत. नव्या सुनेला फक्त एवढंच म्हणालात, माहेरचं माहेरी बोल, मुलांसमोर जरा शुद्ध बोलत जा.