दलदलीतून जवळची वाट

फिर्मिन गेरिनोने त्या रविवारी सकाळी दोन निर्णय घेतले. पहिला, नऊ वर्षांनी थोरल्या भावाच्या, आन्सेल्मच्या घरी जायचं. दुसरा, सायकलने जायचं. पहिला निर्णय चांगला होता. (एका सकाळी दोन-दोन निर्णय घेण्याइतकी त्याची तब्येत नव्हती, पण हे त्याला कोण सांगणार?)

फोन नर्सचा होता. सोलांज दबक्या आवाजात म्हणाली, "आन्सेल्म तुमची आठवण काढताहेत. डॉक्टर म्हणालेत, संध्याकाळपर्यंत. मी फोन केला हे तुमच्या वहिनींना, ब्लांदीनबाईंना माहीत नाही, तेवढं सांभाळा."

आन्सेल्मचं गाव दलदलीच्या पलीकडे. पुलावरून एकोणीस किलोमीटर, मोटारीने पंचवीस मिनिटं. नऊ वर्षांत ही पंचवीस मिनिटं कुणालाच मिळाली नव्हती. झालं होतं ते असं, की आईला पुरून आल्यावरच्या जेवणाला फिर्मिनने स्वतः वाम मासळी रांधली. लाल वाइनमध्ये, आई रांधायची तशी. आन्सेल्मने पहिला घास घेतला, जरा वेळ तो तोंडात घोळवला आणि चाळीस माणसांसमोर म्हणाला, "चिखलाचा वास येतोय." फिर्मिन उठला, तडक चौकातल्या कॅफेत गेला आणि तिथे त्याने मोठ्या आवाजात शपथ घेतली, की आन्सेल्मच्या घराची पायरी चढलो तर गेरिनो नाव लावणार नाही.

पुलाकडे जाणारा रस्ता नेमका त्याच कॅफेवरून जातो. आणि रविवारी सकाळी गावातले झाडून सगळे पुरुष तिथे काचेला नाक लावून बसलेले असतात.

"मी दलदलीतून जातो," फिर्मिन म्हणाला. "सायकलने. सातच किलोमीटर."

"भाऊ मरतोय आणि तुला सायकल आठवतेय?" त्याची बायको ओदिल मोटारीच्या किल्ल्या पुढे करून उभी होती.

"जवळची वाट आहे."

"ती वाट फेब्रुवारीत पाण्याखाली असते, पपा," ओरियान म्हणाली. ही त्यांची मुलगी, वय तेवीस, नांत शहरात शिकते आणि सुट्टीत घरी येऊन सगळ्यांना खरं काय ते सांगते. "सरळ सांग ना, कॅफेतल्या सहा म्हाताऱ्यांना घाबरतोस."

"मी कुणाला घाबरत नाही. आणि ते सहा नाहीत, अकरा आहेत."

सायकल त्याने पोस्टातून निवृत्त झाल्यावर घेतली होती. जाड टायरची, खडी-माती-चिखल सगळ्यातून जाणारी. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं की ही कुठेही जाते. वर बसलेला माणूस कुठवर जातो, याबद्दल तो काही बोलला नव्हता. आजवर ती दोनदा ब्रेड आणायला गेली होती.

ओरियान आपली सायकल काढून मागे निघाली. वडिलांवर प्रेम होतं म्हणून, आणि प्रेत शोधायला पुन्हा कोण येणार म्हणून.

धुकं असं होतं की पुढचं चाक दिसावं ही मेहेरबानी. दोन्ही बाजूंना काळे चर, चरांच्या काठाने माथे छाटलेली ठेंगणी झाडं, मुठी आवळून उभी असल्यासारखी. खडी संपली, मग माती संपली, मग वाटच संपली आणि पाणी सुरू झालं. फिर्मिन थांबला नाही. "मी इथे जन्मलोय!" असं तो ओरडला आणि पाचव्या मिनिटाला चरात पडला.

ओरियानने त्याला कॉलरला धरून बाहेर ओढलं. कमरेपर्यंत चिखल, कानात शेवाळ. एक पाणघूस काठावर बसून हे सगळं शांतपणे पाहत होती.

"बास. मागे फिरू. मोटारीने जाऊ."

"मागे फिरायला वेळ नाहीये गं." त्याचे दात वाजत होते. "वास येत होता."

"आत्ताही येतोय."

"तो नाही. वामीचा. आई ती पकडल्यावर दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवायची, चिखल निघून जायला. मी कंटाळा केला. सकाळी पकडली आणि दुपारी वाढली." त्याने चेहरा पुसला, म्हणजे चिखल सगळीकडे सारखा केला. "दादा खरं बोलला होता. त्याला एवढंच सांगायचंय. तो ऐकू शकतोय तोवर."

नऊ वर्षं! दोन म्हातारे, एक मासा, नऊ नाताळ! ओरियानच्या तोंडावर बरंच काही आलं होतं, पण ते गिळून तिने सोलांजला फोन लावला. "आम्ही निघालोय. हो, दलदलीतून. हो, सायकलने. काकांना सांगा."

सव्वाअकराला ते मोठ्या कालव्याशी पोचले. इथे पूल नाही. साखळीची नाव आहे. सपाट तराफ्यासारखी, दोन्ही टोकांना साखळ्या, एक या काठाला, एक त्या काठाला. ज्याला पलीकडे जायचंय त्याने आपल्या बाजूची साखळी ओढायची आणि नाव आपल्याकडे आणायची. नाव पलीकडे होती. फिर्मिनने ओढायला सुरुवात केली. हाताला फोड आले, पण नाव येत होती. धुक्यात तिचं नाक दिसायला लागलं, आणि तिथेच ती थबकली. मग मागे जायला लागली.

"ए! कोण आहे तिकडे? सोड!" फिर्मिन ओरडला.

"तूच सोड! मी आधी आलेय!" धुक्यातून एका बाईचा आवाज आला.

"मी अर्धी ओढून आणलीय!"

"माझ्या काठाला होती ती! चोरा!"

"माझा माणूस मरायला टेकलाय!"

"माझाही टेकलाय! म्हणून काय मी दुसऱ्याची नाव पळवते?"

दोघांनी पाय रोवले. नाव मधोमध थरथरत उभी राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ओरियान म्हणाली, "पपा, सोड, येऊ दे त्यांना, मग आपण जाऊ." पण आयुष्यात एकदा तरी जिंकायचं असं फिर्मिनने नेमकं याच दिवशी ठरवलं होतं. वीस मिनिटं झाली.

"अरे मेल्या," पलीकडची बाई धापा टाकत म्हणाली, "एवढा हेकट माणूस या दलदलीत गेरिनोंच्या घराबाहेर पाहिला नाही मी!"

"मी गेरिनोच आहे!"

धुक्यातला आवाज एकदम मऊ झाला.

"भाऊजी?"

"वहिनी?"

"तुम्हालाच आणायला निघाले होते. तुम्ही आपण होऊन यायचे नाहीत म्हणून."

दोघांनी शरमून एकदम साखळ्या सोडल्या. नाव मधेच तरंगत राहिली.

"या ना भाऊजी, तुम्ही ओढा."

"छे छे, वहिनी, तुम्ही आधी. तुम्हीच ओढा."

"असं कसं, तुम्ही पाहुणे..."

मग दोघांनी एकमेकांचा मान राखून एकदमच ओढली आणि नाव पुन्हा जागच्या जागी थरथरली.

"हात काढा!" ओरियान किंचाळली. "दोघांनीही! साखळीवरचे हात काढा!" तिने वडिलांना बाजूला ढकललं आणि दोन मिनिटांत एकटीने नाव ओढून आणली.

पलीकडून घर दहा मिनिटांवर होतं. ब्लांदीन पुढे पळत होती, मागून चिखलाचा पुतळा झालेला फिर्मिन सायकल हातात धरून. त्याच्या तोंडात एकच वाक्य होतं, दादा, वास येत होता, दादा, वास येत होता, म्हणजे पोचेपर्यंत विसरायला नको.

सोलांज दारातच उभी होती. आतल्या खोलीची खिडकी उघडलेली होती, आणि भिंतीवरचं घड्याळ, माणूस गेला की थांबवतात तसं, थांबवलेलं होतं. अकरा पस्तीस.

अकरा पस्तीसला आपण काय करत होतो, ते दोघांनाही बरोबर ठाऊक होतं. ब्लांदीन तशीच आत गेली. फिर्मिन उंबऱ्यावर उभा राहिला. त्याच्या पँटमधून पाणी गळून पायरीवर डबकं झालं.

"काही बोलला का?" त्याने विचारलं.

सोलांजने ओरियानकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"सारखं विचारत होते, फिर्मिन निघाला का, फिर्मिन निघाला का. अगदी जीव धरून होते. मग मी सांगितलं, मुलीचा फोन आला होता, निघालेत, दलदलीतून येताहेत, सायकलने."

"मग?"

"मग त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, 'फिर्मिन? सायकलने?' कितीतरी दिवसांनी हसले हो. आणि म्हणाले, 'मग मी काही तोवर थांबत नाही.'"